खिशातील तिकीटघर

मुंबईच्या उपनगरी गाडीने नित्य प्रवास करणारा मनुष्य गाडीला तिच्या क्रमांकाने ओळखत नाही. तो तिला वेळेने ओळखतो. सात छपन्नची, आठ बाराची, नऊ चारची अशी तिची नावे असतात, आणि या नावांत मिनिटाची चूक झाली तर तिची नोंद कचेरीच्या हजेरीपटावर उमटते. अशा माणसाच्या दिनचर्येत तिकीटखिडकीपुढील रांग ही सर्वांत बेभरवशाची गोष्ट होती. गाडीची वेळ वेळापत्रकात छापलेली असते. रांगेची वेळ कोठेही छापलेली नसते. पुढचा प्रवासी सुटे पैसे शोधू लागला, कोणी पाच माणसांची परतीची तिकिटे मागितली, किंवा खिडकीआडच्या यंत्रातील कागद संपला, की आठ बाराची गाडी डोळ्यांदेखत निघून जाते. गेल्या काही वर्षांत हे तिकीटघरच प्रवाशाच्या खिशात येऊन बसले आहे. मोबाईल फोनवरील एका अ‍ॅपच्या साहाय्याने त्याला आता स्वतःचे तिकीट स्वतःच काढता येते.

वरवर पाहता ही केवळ सोयीची बाब वाटते. परंतु तिकीट म्हणजे नेमके काय, ते कोणी कोणास द्यावयाचे, आणि ते खरे आहे हे कसे ओळखावयाचे, हे जुने प्रश्न या साधनाने नव्याने उभे केले आहेत. या प्रश्नांचा थोडा विचार केला, म्हणजे अ‍ॅपचे जे नियम प्रथमदर्शनी जाचक वाटतात, त्यांच्यामागील हेतू ध्यानी येतो. आणि या सोयीच्या मर्यादा कोणत्या, हेही उमजते.

प्रथम या व्यवहाराचा पसारा लक्षात घेतला पाहिजे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे मिळून दररोज ३,००० हून अधिक फेऱ्या होतात आणि सुमारे ७० लाख प्रवासी त्यांतून ये-जा करतात. यांतील पुष्कळांजवळ महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा पास असतो. त्यांना रोज खिडकीवर जाण्याचे कारण पडत नाही. पण पाहुणा म्हणून आलेला, इस्पितळात आप्ताला भेटावयास निघालेला, नोकरीसाठी मुलाखतीला जाणारा, असा प्रासंगिक प्रवाशांचा समुदायही लहान नसतो. दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे अवघे ५ रुपये आहे. आता ५ रुपयांचे तिकीट देण्यास कारकुनाला जितके श्रम पडतात, तितकेच ५०० रुपयांचे तिकीट देण्यास पडतात. किंबहुना सुट्या पैशांच्या घोळामुळे ५ रुपयांच्या तिकिटालाच वेळ अधिक लागतो. खिडक्या वाढवाव्यात तर स्थानकांत जागा नाही आणि प्रत्येक खिडकीमागे माणूस हवा. उपनगरी तिकिटाचा प्रश्न हा असा मुळातच अंकगणिताचा प्रश्न आहे.

हा प्रश्न नवा नाही. रेल्वेच्या आरंभकाळी इंग्लंडमध्ये प्रवाशाला हाताने लिहिलेली पावती मिळत असे. ती लिहिण्यात वेळ जाई, आणि किती पावत्या दिल्या व किती पैसे जमा झाले याचा मेळही धड बसत नसे. मिल्टन नावाच्या एका लहानशा स्थानकावर थॉमस एडमंडसन नावाचा गृहस्थ काम करीत होता. रेल्वेत येण्यापूर्वी तो लाकडी सामान बनविणारा कारागीर होता. १८३० नंतरच्या त्या दशकात त्याने जाड पुठ्ठ्याचे, आधीच छापून ठेवलेले, क्रमवार आकडे घातलेले तिकीट काढले आणि त्यावर तारीख उमटविणारे एक यंत्रही तयार केले. दिवसअखेर पहिल्या व शेवटच्या तिकिटाचा आकडा पाहिला, की हिशेब पुरा होई. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एडमंडसनच्या तिकिटावरील आकडा प्रामुख्याने प्रवाशाची परीक्षा घेण्यासाठी नव्हता. तो पैसे घेणाऱ्याच्या हिशेबावर लक्ष ठेवण्यासाठी होता. म्हणजे तिकीट ही आरंभापासूनच दोन अनोळखी पक्षांमधील विश्वासाची खूण आहे. एका बाजूस पैसे देणारा, दुसऱ्या बाजूस सेवा देणारा. आणि दोघांनाही मान्य होईल असा एक लहानसा पुरावा मध्ये.

भारतात पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. तिच्या १४ डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे होते आणि त्या दिवशी त्यांना तिकिटाची चिंता नव्हती. त्यानंतर येणाऱ्या प्रवाशांना मात्र ती चुकली नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची गाडी धावू लागली आणि मुंबईचा विस्तार रुळांच्या कडेकडेने उत्तरेस होत गेला. एडमंडसनच्या घाटाचे पुठ्ठ्याचे तिकीट या शहराच्या कित्येक पिढ्यांनी हाताळले; तपासनिसाच्या चिमट्याने पडलेली त्याची खाच अनेकांच्या स्मरणात असेल. पुढे संगणकावर छापलेले कागदी तिकीट आले; २००२ पासून रेल्वेने अनारक्षित तिकिटांची संगणकीय प्रणाली उभारण्यास आरंभ केला. मुंबईत काही काळ कुपने आणि त्यांवर शिक्का उमटविणारी यंत्रे होती. नंतर स्मार्ट कार्डावर चालणारी स्वयंचलित तिकीटयंत्रे आली. प्रत्येक नव्या साधनाने रांग थोडी आखूड केली, आणि वाढत्या गर्दीने ती पुन्हा लांबविली.

या परंपरेतील पुढचे पाऊल डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत पडले. रेल्वेच्या संगणकव्यवहाराचे काम पाहणाऱ्या ‘क्रिस’ या संस्थेने यूटीएस नावाचे मोबाईल अ‍ॅप सिद्ध केले. यूटीएस ही अनारक्षित तिकीट प्रणालीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत. प्रारंभी मोबाईलवर पैसे भरले तरी छापील तिकीट स्थानकावरील यंत्रातून घ्यावे लागे. अर्थात रांग खिडकीपासून यंत्रापर्यंत सरकली, एवढाच काय तो लाभ. खरा बदल २०१५ मध्ये झाला. त्या वर्षी प्रथम चेन्नईच्या एग्मोर ते तांबरम या टप्प्यावर आणि काही महिन्यांतच मुंबईत कागदविरहित तिकीट सुरू झाले. अनारक्षित प्रवासासाठीही मोबाईलच्या पडद्यावर उमटलेली नोंद हेच तिकीट, असे रेल्वेने मान्य केले. १ नोव्हेंबर २०१८ पासून ही सोय देशभर लागू झाली. १ जुलै २०२५ रोजी ‘रेलवन’ हे नवे अ‍ॅप सादर करण्यात आले. आरक्षित तिकीट, अनारक्षित तिकीट, फलाट तिकीट, गाडीची माहिती आणि तक्रार या साऱ्या गोष्टी त्यात एकत्र आणल्या आहेत, आणि पूर्वीच्या अ‍ॅपचे काम आता त्याकडे वळले आहे. ज्यांचे जुन्या अ‍ॅपवर खाते होते, त्यांना त्याच खात्याने नव्यात प्रवेश करता यावा, अशीही तरतूद ठेवण्यात आली.

अ‍ॅप वापरण्याची रीत अवघड नाही. परंतु तिच्यातील प्रत्येक पायरी म्हणजे पूर्वी खिडकीवरील कारकून करीत असलेले एकेक काम आहे, हे ओळखून ती पार पाडावी. प्रथम प्रवाशाने आपल्या मोबाईल क्रमांकाने नोंदणी करावयाची असते. त्या क्रमांकावर एक तात्पुरता सांकेतिक आकडा येतो. तो भरल्यावर क्रमांक त्याचाच आहे याची खात्री पटते. हा आकडा कोणासही, अगदी रेल्वेचा माणूस म्हणून दूरध्वनी करणाऱ्यासही, सांगू नये. त्यानंतर तिकिटाचा प्रकार निवडावयाचा: साधे, परतीचे, की पास. मग कोठून कोठे, कोणता वर्ग, किती माणसे, आणि कोणत्या मार्गाने. हे सारे भरल्यावर भाडे दिसते. ते यूपीआयने, बँकेच्या कार्डाने, किंवा आर-वॉलेट नावाच्या रेल्वेच्या पैशांच्या पाकिटातून देता येते. ज्याला रोज तिकीट काढावे लागते, त्याने या पाकिटात थोडी रक्कम आधीच भरून ठेवणे सोयीचे. गर्दीच्या वेळी बँकेचा प्रतिसाद मंद झाला, तरी त्याचे काम अडत नाही.

यांपैकी मार्गाची पायरी पुष्कळ लोक न पाहताच ओलांडतात, आणि चूक बहुधा तेथेच होते. ठाण्याहून वाशीला जावयाचे असल्यास ऐरोलीवरून जाणारा ट्रान्स-हार्बर मार्ग आहे. त्यावर २००४ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली. दुसरा मार्ग कुर्ल्यास गाडी बदलून जाण्याचा, म्हणजे मोठ्या वळशाचा. दोन्ही ठिकाणी आरंभ आणि शेवट एकच. पण अंतर निराळे, म्हणून भाडेही निराळे. जवळच्या मार्गाचे तिकीट घेऊन लांबच्या मार्गाने गेलेला प्रवासी नियमाच्या दृष्टीने त्या मार्गावर बिनतिकीटच ठरू शकतो. खिडकीवरचा अनुभवी कारकून “कुठून जाणार?” असे विचारीत असे. अ‍ॅपही तेच विचारते. मात्र त्याच्या स्वरात इशारा नसतो.

आता ज्या नियमाविषयी सर्वाधिक तक्रार ऐकू येते, त्याकडे वळू या. फलाटावर उभे राहून किंवा गाडीत बसून कागदविरहित तिकीट काढता येत नाही. स्थानकाच्या हद्दीत शिरल्यावर अ‍ॅप तिकीट देण्याचे नाकारते. सोयीसाठी केलेल्या साधनाने ऐन गरजेच्या ठिकाणीच पाठ फिरवावी, हे अनेकांना विचित्र वाटते. परंतु प्रवासापूर्वी तिकीट घेतलेले असावे, हे रेल्वेच्या साऱ्या व्यवहाराचे मूळ सूत्र आहे. गाडीत बसल्यावर तिकीट काढण्याची मुभा असती, तर तपासनीस दिसेपर्यंत तिकीट न काढणे हाच शहाणपणा ठरला असता. पुठ्ठ्याच्या तिकिटाच्या काळात हा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण खिडकी फलाटाच्या बाहेर होती. खिडकी खिशात आली, आणि ती फलाटावरही सोबत येऊ लागली. म्हणून रेल्वेने फलाटाभोवती एक अदृश्य कुंपण घातले.

हे कुंपण आकाशातील उपग्रहांच्या आधाराने उभे आहे. फोन उपग्रहांकडून येणारे संकेत टिपतो, ते पोहोचण्यास लागलेल्या अत्यल्प काळावरून आपले अंतर मोजतो, आणि त्यावरून पृथ्वीवरील आपली जागा ठरवितो. मोकळ्या मैदानात हा अंदाज काही मीटरपर्यंत अचूक असतो. उंच इमारतींच्या दाटीत संकेत भिंतींवर आपटून येतात आणि अंदाज ढळतो. त्यामुळे रुळालगतच्या चाळीत राहणाऱ्याला आपल्या घरातच ‘आपण स्थानकाच्या हद्दीत आहात’ असे उत्तर मिळू शकते. अशा वेळी मोकळ्या जागेत क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करणे हा साधा उपाय आहे. कुंपणाला पूर्वी बाहेरचीही एक कड होती. स्थानकापासून ठरावीक अंतरापलीकडे गेल्यास तिकीट मिळत नसे. ती कड २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली, आणि घरी बसून तिकीट काढण्याचा मार्ग खुला झाला. अर्थात घरून काढलेले तिकीट दिवसभर चालत नाही. उपनगरी प्रवासाचे साधे तिकीट काढल्यापासून एका तासाच्या आत प्रवास सुरू करावा लागतो. कागदविरहित तिकीट रद्द करून पैसेही परत मिळत नाहीत. तेव्हा चहा घेण्यापूर्वी नव्हे, घराबाहेर पाऊल टाकताना तिकीट काढणे बरे.

स्थानकात पोहोचलेल्यांची अडचण ओळखून तेथील फलकांवर क्यूआर कोड, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांची सांकेतिक चौकट, लावण्यात आली होती. ती फोनने टिपली, की स्थानकातच तिकीट मिळे. हेतू चांगला होता. परंतु काही चतुर लोकांनी त्या चौकटीचे छायाचित्रच फोनमध्ये साठवून ठेवले आणि धावत्या गाडीत तपासनीस दिसताच ते वापरून तिकीट काढण्याची युक्ती शोधली. परिणामी रेल्वेला या सोयीचा फेरविचार करावा लागला. दिलेली सोय कोणाच्या तरी गैरवापरामुळे आकसते, आणि आकसलेल्या सोयीचा त्रास प्रामाणिक माणसाला भोगावा लागतो, हा सार्वजनिक कारभारातील नित्याचा अनुभव आहे.

तिकीट दाखविण्याचेही काही नियम आहेत. तपासनिसाला अ‍ॅपमधील मूळ तिकीटच दाखवावे लागते. त्याचे छायाचित्र किंवा दुसऱ्याच्या फोनवर पाठविलेली प्रत चालत नाही. एकदा काढलेले तिकीट इंटरनेट नसतानाही उघडता येते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र फोनमधील वीज संपली आणि पडदा काळा झाला, तर तिकीट असूनही नसल्यासारखेच. कारण दाखविता न येणारे तिकीट हे नियमाच्या दृष्टीने तिकीट नव्हे. म्हणून अ‍ॅपवर अवलंबून असणाऱ्याने निघताना खिशात पैसे आहेत की नाही हे जसे पाहावे, तशीच फोनमधील वीजही पाहावी.

तिकीट काढणे हा प्रवासाचा अर्धाच भाग होय. दुसरा अर्धा भाग म्हणजे प्रवासाची आखणी. या बाबतीत मुंबईकरांच्या मदतीस रेल्वेच्या अ‍ॅपच्याही आधी एक खासगी अ‍ॅप आले. सचिन टेके या तरुण अभियंत्याने २०१० मध्ये ‘एम-इंडिकेटर’ प्रसिद्ध केले. लोकल गाड्यांचे सारे वेळापत्रक इंटरनेटशिवाय फोनमध्ये साठवून ठेवण्याची सोय त्यात होती, आणि ज्या काळी इंटरनेट महाग व मंद होते, त्या काळी हीच सोय निर्णायक ठरली. मध्य रेल्वेने २०२२ मध्ये ‘यात्री’ या आपल्या अ‍ॅपमधून लोकल गाड्या प्रत्यक्ष कोठे आहेत हे दाखविण्यास प्रारंभ केला.

या दोन प्रकारच्या माहितीत जो भेद आहे, तो नीट समजून घ्यावा. वेळापत्रक हे गाडी केव्हा यावयास हवी ते सांगते; उपग्रहाच्या आधाराने मिळालेले स्थान हे गाडी कोठे आहे ते सांगते. पावसाळ्यात रुळांवर पाणी साचले, किंवा रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक घेतला, की या दोहोंत अंतर पडते. जलद गाड्या धिम्या मार्गावर वळविल्या जातात, काही रद्द होतात, आणि वेळापत्रकातील आकडे त्या दिवसापुरते निरर्थक होतात. तेव्हा रविवारी निघणाऱ्याने आधी मेगाब्लॉकची सूचना पाहावी, मग गाडीचे स्थान पाहावे, आणि वेळापत्रकावर सर्वांत शेवटी विसंबावे.

आखणीचे एक उदाहरण घेतल्यास हा विषय अधिक स्पष्ट होईल. मुलुंडच्या रहिवाशाला अंधेरीला जावयाचे आहे. जुन्या सवयीचा मनुष्य दादरला उतरेल, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेकडे जाईल आणि अंधेरीची गाडी पकडेल. नवा मनुष्य घाटकोपरला उतरून ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या मेट्रोने थेट अंधेरी गाठेल. पहिल्या मार्गास भाडे कमी पण वळसा मोठा. दुसऱ्यास भाडे अधिक पण वेळ थोडा. कोणता मार्ग श्रेयस्कर हे प्रवाशाच्या निकडीवर आणि त्याच्या खिशावर अवलंबून आहे. अ‍ॅप दोन्ही पर्याय पुढे ठेवू शकते. निवड त्याला करता येत नाही. पूर्वी अशा प्रवासाला दोन ठिकाणी दोन तिकिटे काढावी लागत. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘मुंबई वन’ या अ‍ॅपने उपनगरी रेल्वे, मेट्रो, मोनोरेल आणि निरनिराळ्या बससेवा एका ठिकाणी आणून ही दोन तिकिटांची यातायात कमी करण्याचा यत्न केला आहे.

अ‍ॅपमधील नावांकडेही लक्ष द्यावे लागते. १९९६ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ या पदाची भर पडली. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. गावाहून आलेला वडीलधारा मनुष्य जुने नाव शोधीत राहतो आणि ते सापडत नाही म्हणून अ‍ॅपला दोष देतो. दादरच्या फलाटांचे आकडेही डिसेंबर २०२३ मध्ये बदलले. पश्चिम रेल्वेकडे १ ते ७ आणि मध्य रेल्वेकडे ८ ते १४ असा सलग क्रम झाला. त्यापूर्वी दोन्हीकडे ‘एक नंबर’ होता, आणि एकमेकांना भेटावयाचे ठरविलेली माणसे दोन निरनिराळ्या एक नंबरांवर उभी राहून परस्परांची वाट पाहत असत.

येथवर सोयीचा विचार झाला. आता विश्वासाचा विचार करावयास हवा. पुठ्ठ्याचे तिकीट बनावट करणे कष्टाचे होते. पुठ्ठा, छपाई आणि यंत्राचा ठसा या साऱ्यांची नक्कल करावी लागे. पडद्यावरील तिकीट ही शेवटी प्रकाशाची आकृती, आणि आकृतीची नक्कल संगणकाला सोपी जाते. २०२५ मध्ये मुंबईत काही प्रवाशांनी संगणकाच्या मदतीने तयार केलेले बनावट पास वातानुकूलित गाडीत दाखविल्याचे उघडकीस आले आणि त्यांच्यावर फौजदारी कारवाई झाली. त्यांत सुशिक्षित नोकरदारही होते, ही गोष्ट विशेष खेदाची. यावर उपाय म्हणजे तपासनिसाने केवळ डोळ्यांनी न पाहता तिकिटाची नोंद आपल्या यंत्रावर ताडून पाहणे. एडमंडसनने तिकिटावर क्रमांक घातला, तो हिशेबाच्या वहीशी जुळविण्यासाठी. आजही तत्त्व तेच आहे. खरे तिकीट पडद्यावर नसते. ते रेल्वेच्या नोंदवहीत असते, आणि पडद्यावर दिसते ती त्या नोंदीची केवळ साक्ष. ही गोष्ट ज्याला उमगली, त्याला छायाचित्र का चालत नाही, हे निराळे सांगावे लागत नाही.

या साऱ्या व्यवहारात आणखी एका माणसाचा विचार करणे अगत्याचे आहे: ज्याच्याजवळ असा फोन नाही, किंवा असूनही तो वापरण्याची ज्याला भीती वाटते, त्या माणसाचा. करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये मुंबईची लोकल थांबली. नंतर ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या सर्वसामान्य प्रवाशांना पास मिळू लागला. त्यासाठी लसीकरणाचा पुरावा पडताळून घ्यावा लागे. ज्याला फोन हाताळता येत होता, त्याचे काम घरून झाले. ज्याला तो येत नव्हता, त्याच्यासाठी स्थानकांवर मदतकक्ष उघडावे लागले आणि तेथे कर्मचाऱ्यांनी कागद पाहून शिक्के मारले. त्या दिवसांत हे स्पष्ट दिसून आले, की खिडकी ही केवळ तिकीट विकण्याची जागा नाही. शासनाची दारे ज्याला यंत्रातून उघडता येत नाहीत, त्याच्यासाठी ती एक उघडी फट आहे. घरकाम करणारी स्त्री, भाजीची टोपली घेऊन निघालेला विक्रेता, नातवाला भेटावयास आलेली आजी यांच्या हातात १० रुपयांची नोट असते, आणि त्या नोटेचा अधिकार यूपीआयच्या अधिकाराहून कमी नाही. अ‍ॅपचे खरे यश खिडक्या बंद होण्यात नाही. ज्यांना खिडकीची गरज नाही असे लोक रांगेतून निघून गेल्यामुळे, ज्यांना ती आहे त्यांचा नंबर लवकर लागावा, यात ते आहे. अ‍ॅपचा वापर वाढला म्हणून खिडक्या कमी केल्या, तर मूळचा हेतूच विफल होईल.

हा विषय मुंबईपुरता नाही. कोलकात्यात सियालदह आणि हावडा, चेन्नईत उपनगरी मार्ग, हैदराबाद-सिकंदराबादेत २००३ मध्ये सुरू झालेली एमएमटीएस, आणि दिल्लीच्या भोवतालच्या गाड्या, या सर्व ठिकाणी रेल्वेचे हेच अ‍ॅप चालते. इंदूर, बडोदे, बेळगाव किंवा जबलपूर येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला जवळच्या गावी जाण्यासाठी साधारण डब्याचे तिकीट त्यातूनच काढता येते. मात्र उपनगरी तिकिटाचा एका तासाचा नियम तेथे जसाच्या तसा लागू होईल, असे समजू नये. लांबच्या प्रवासाचे नियम निराळे आहेत आणि ते तिकिटावर नमूद केलेले असतात. तिकीट हाती आल्यावर त्यावरील मजकूर एकदा शांतपणे वाचावा, हा सल्ला पुठ्ठ्याच्या काळात जितका खरा होता, तितकाच आजही आहे.

घरातील तरुणांनी या कामी एक लहानशी जबाबदारी उचलण्यासारखी आहे. वडीलधाऱ्यांचे तिकीट आपल्या फोनवर काढून त्याची प्रत त्यांना पाठविणे, हे वरवर सौजन्याचे काम दिसते. परंतु अशी प्रत चालत नसल्याने त्या वृद्ध माणसावर तपासनिसापुढे खाली मान घालण्याची पाळी येते. त्याऐवजी त्यांच्याच फोनवर अ‍ॅप घालून द्यावे, पाकिटात शंभर-दोनशे रुपये भरावेत, आणि एखाद्या निवांत दुपारी चार वेळा तिकीट काढण्याच्या पायऱ्या त्यांच्याकडून गिरवून घ्याव्यात. साक्षरतेच्या प्रसारात अक्षर गिरवून घेण्याचे जे महत्त्व होते, ते आज या गिरवण्याला आहे.

तिकिटाचे रूप गेल्या जवळपास दोनशे वर्षांत पुष्कळ बदलले. हस्तलिखित पावतीचा पुठ्ठा झाला, पुठ्ठ्याचा कागद झाला, कागदाची प्रकाशाकृती झाली. बदलला नाही तो त्यातील करार. प्रवाशाने प्रवासापूर्वी योग्य ते भाडे द्यावे, आणि रेल्वेने त्याला ठरलेल्या ठिकाणी सुखरूप पोहोचवावे, एवढाच तो करार आहे. पूर्वी त्या कराराची राखण खिडकीवरील कारकून आणि दारावरील तपासनीस करीत असत. खिडकी खिशात आल्यापासून त्या राखणीचा मोठा वाटा प्रवाशाकडे आला आहे. तिकीट देणाराही तोच आणि घेणाराही तोच. म्हणून आपल्यावर ठेवलेला विश्वास सांभाळण्याचे कामही आता त्याचेच आहे.